डिस्कच्या हद्दी बदलताना : दोन प्रणालींच्या संगणकावरील पार्टिशनचे दोष व त्यांचे निवारण

शाळेतील संगणक ही आता कपाटात झाकून ठेवावयाची वस्तू राहिलेली नाही. जनरल रजिस्टरच्या प्रती, निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब, मुलांची चित्रे व निबंध असा पुष्कळसा ठेवा त्याच्या पोटात साठलेला असतो. असा संगणक एखाद्या सकाळी सुरूच झाला नाही व काळ्या पडद्यावर इंग्रजीतील एक रूक्ष ओळ तेवढी उमटली, तर शिक्षकाचे मन धास्तावणे स्वाभाविक आहे. परंतु अशा वेळी पुष्कळदा आतील माहिती सुखरूप असते. बिघडलेली असते ती केवळ तिच्या हद्दींची नोंद. खरे नुकसान होते ते त्यानंतर घाईने केलेल्या उपायामुळे. हा भेद नीट उमजावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न आताच का उद्भवतो, तेही पाहिले पाहिजे. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी जी यंत्रसामग्री लागते ती अनेक जुन्या संगणकांत नाही. सबब असे संगणक टाकून न देता त्यांवर विंडोजशेजारी लिनक्स बसविण्याचा मार्ग पुष्कळ ठिकाणी अवलंबिला जातो. एका घरात दोन भावांनी वेगळ्या चुली मांडाव्यात, तशा या दोन प्रणाली एकाच डिस्कवर राहतात. पुढे एकीला जागा अपुरी पडते, मग दुसरीची थोडी काढून तिला दिली जाते, आणि तंटा तेथूनच सुरू होतो.

१. शेत आणि सातबारा

डिस्क हे एक मोठे शेत आहे असे समजावे. त्याचे जे तुकडे पाडले जातात त्यांना पार्टिशन म्हणतात. कोणता तुकडा कोठे सुरू होतो व कोठे संपतो, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका लहानशा तक्त्यात असते. हा तक्ता म्हणजे शेताचा सातबारा व नकाशा. शेतातले पीक वेगळे आणि दप्तरातला सातबारा वेगळा. सातबारा फाटला म्हणून उभे पीक जळून जात नाही, हे कोणाही ग्रामस्थाला सांगावे लागत नाही. डिस्कचेही तसेच आहे.

हा तक्ता दोन प्रकारचा असतो. जुना प्रकार एमबीआर नावाचा. तो १९८३ साली आयबीएमच्या संगणकांबरोबर आला. डिस्कचा पहिला कप्पा, म्हणजे सेक्टर, ५१२ बाइटचा असतो. त्यातील केवळ ६४ बाइटांत हा सारा तक्ता मावतो व त्यात चारच नोंदी होऊ शकतात. चारांहून अधिक तुकडे हवे असल्यास एक विस्तारित तुकडा करून त्याच्या पोटात उपतुकडे पाडावे लागतात. लिनक्स या उपतुकड्यांना पाचपासून पुढे क्रमांक देते. नवा प्रकार जीपीटी होय. त्यात सामान्यतः १२८ नोंदींची सोय असते, आणि मुख्य म्हणजे त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी जपलेली असते. पहिली प्रत बिघडल्यास दुसरीवरून ती पुन्हा तयार करता येते.

तक्त्याखेरीज दुसरीही एक नोंद असते. प्रत्येक तुकड्याच्या आत फाइल सिस्टिम असते. कोणती फाइल कोठे ठेविली आहे याची ती वही होय. आपला तुकडा केवढा आहे, हे या आतल्या वहीतही लिहिलेले असते. बाहेरचा तक्ता व आतली वही यांचा मेळ बसला पाहिजे. हद्दी बदलल्यानंतरचे बहुतेक दोष हा मेळ मोडल्यामुळेच होतात.

२. हद्द बदलण्याचा योग्य क्रम

शेत लहान करावयाचे असेल तर प्रथम त्या पट्ट्यातले पीक काढून आत आणावे लागते, मग बांध आत घ्यावयाचा. शेत वाढवावयाचे असेल तर प्रथम बांध बाहेर न्यावयाचा, मग नवी जमीन नांगरावयाची. डिस्कवर हाच नियम आहे. तुकडा लहान करताना आधी फाइल सिस्टिम आखडावी, मग पार्टिशन. मोठा करताना आधी पार्टिशन वाढवावे, मग फाइल सिस्टिम. जीपार्टेडसारखे साधन हा क्रम आपोआप पाळते. हाताने आज्ञा देणाऱ्याने मात्र तो विसरता कामा नये.

विंडोजचा तुकडा लहान करावयाचा असेल तर तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावा. त्यानंतर लिनक्सकडून डिस्कवर काही करण्यापूर्वी विंडोज पूर्ण बंद झालेली असावी लागते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे संगणक बंद झाल्यासारखा दिसतो, पण प्रणाली अर्धवट झोपेत असते. अशा स्थितीत लिनक्सने तिच्या तुकड्यास हात लावणे धोक्याचे असते. शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ केल्यास विंडोज खरोखर बंद होते. डिस्कवर बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी.

तुकड्याचा शेवट सरकविणे तुलनेने सोपे असते. त्याचा आरंभ सरकविणे म्हणजे मात्र सारे शेत उचलून बाजूला ठेवणे होय. त्यात सर्व माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी लिहिली जाते व त्यास काही तास लागू शकतात. मध्येच वीज गेली तर अर्धे इकडे व अर्धे तिकडे अशी दशा होते. जेथे वीज बेभरवशाची आहे तेथे इन्व्हर्टरशिवाय या कामात पडू नये. शक्यतो ते टाळावेच.

३. एक उदाहरण

समजा, एका शाळेतील ५०० जीबीच्या जुन्या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे. पहिल्या तुकड्यात विंडोज आहे. विस्तारित तुकड्याच्या पोटात पाचवा तुकडा रिकामा, सहावा लिनक्सचा व सातवा स्वॅपचा आहे. शिक्षकाने विंडोजमधून रिकामा पाचवा तुकडा काढून टाकला, की ती जागा पुढे कामी यावी. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करताच ‘अननोन फाइलसिस्टिम’ व त्याखाली ‘ग्रब रेस्क्यू’ ही अक्षरे दिसली. ना विंडोज उघडते, ना लिनक्स.

झाले ते असे : पाचवा काढताच सहाव्याचा क्रमांक पाच झाला व सातव्याचा सहा. संगणक सुरू होताना प्रथम चालणारा ग्रब हा कार्यक्रम मात्र आपले उरलेले साहित्य अजून सहाव्या तुकड्यातच शोधीत आहे. घराचा क्रमांक बदलला व टपालवाला जुन्याच क्रमांकाच्या दारी उभा राहिला, इतकाच हा प्रकार. घर, घरातली माणसे व सामान सारे जागच्या जागी आहे. अशा वेळी कोणी ‘फॉरमॅट करून नव्याने विंडोज टाका’ असा सल्ला दिला, तर तो टपाल चुकले म्हणून घर पाडण्याचा सल्ला होय.

योग्य उपाय पुढीलप्रमाणे. ग्रब रेस्क्यूच्या ओळीपुढे ‘एलएस’ ही दोन अक्षरी आज्ञा दिली असता डिस्कवरील तुकड्यांची यादी दिसते. एकेका तुकड्याचे नाव देऊन हीच आज्ञा पुन्हा दिल्यास लिनक्सच्या फाइली कोणत्या तुकड्यात आहेत ते कळते. मग ‘सेट’ या आज्ञेने ‘रूट’ म्हणून तो तुकडा व ‘प्रीफिक्स’ म्हणून त्यातील ‘बूट’मधील ‘ग्रब’ या फोल्डरचा पत्ता सांगावा, आणि ‘इन्समॉड नॉर्मल’ व ‘नॉर्मल’ या दोन आज्ञा क्रमाने द्याव्यात. नेहमीची निवडसूची प्रकट होते. हा उपाय त्या वेळेपुरताच असतो. म्हणून लिनक्स उघडताच ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा पूर्ण डिस्कचे नाव देऊन व त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. डिस्कचे नाव देताना ते शेजारी लावलेल्या पेनड्राइव्हचे तर नाही ना, हे दोनदा पाहावे.

४. इतर नित्याचे दोष

(अ) पार्टिशन वाढविले, पण जागा वाढलेली दिसत नाही. बांध बाहेर गेला, नांगरट राहिली. फाइल सिस्टिम वाढविणे बाकी आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून जीपार्टेडमधील ‘चेक’ हे काम त्या तुकड्यावर केल्यास फाइल सिस्टिम तपासली जाते व उपलब्ध जागेइतकी वाढविलीही जाते.

(आ) फाइल सिस्टिम तुकड्याहून मोठी असल्याची तक्रार येते. येथे बांध आधी आत घेतला व पीक बाहेर राहिले. दुरुस्तीच्या कार्यक्रमाने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नास ‘होय’ म्हणत सुटणे हा या ठिकाणी घातक मार्ग आहे. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे काही लिहिले गेले नसेल, तर पार्टिशनचा शेवट पूर्वीच्याच सेक्टरवर नेऊन ठेवावा. मेळ पुन्हा बसतो. मग सारे काम योग्य क्रमाने करावे.

(इ) लिनक्स उघडते, परंतु आरंभी सुमारे दीड मिनिट खोळंबते. स्वॅपचा तुकडा नव्याने केल्यास त्याचा ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, बदलतो. ‘एफएसटॅब’ या फाइलमध्ये जुनाच क्रमांक राहिल्याने प्रणाली त्याची वाट पाहते. तेथे नवा क्रमांक लिहावा.

(ई) नव्या संगणकावर ‘हे कशाला हवे’ म्हणून १०० एमबीचा एक चिमुकला तुकडा पुसला जातो. तो ईएफआयचा तुकडा होय. दोन्ही प्रणालींना सुरू करणाऱ्या फाइली त्यातच असतात. घराची चावी लहान म्हणून ती फेकून द्यावयाची नसते.

(उ) संपूर्ण तुकडाच तक्त्यातून नाहीसा होतो. टेस्टडिस्क हे मोफत साधन डिस्कवर हरवलेल्या तुकड्यांच्या खुणा शोधते, आत कोणत्या फाइली आहेत ते दाखविते, त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून देते व खात्री झाल्यावर तक्ता पुन्हा लिहिते. आधी फाइली उतरवाव्यात, नंतरच तक्ता लिहावा.

एक इशारा येथेच देणे इष्ट होय. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर फॉरमॅट झाले असता जुनी माहिती डिस्क स्वतःच पुसून टाकण्याचा मोठा संभव असतो. तेथे चुकीला क्षमा नाही. तसेच डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर दोष नोंदीचा नसून यंत्राचा आहे असे समजावे, संगणक बंद करावा व जाणकारास दाखवावा.

५. आधी करावयाची तीन कामे

पहिले काम प्रतीचे. शाळेची सर्व महत्त्वाची कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवावीत, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विसंबणे म्हणजे न मोजलेल्या धान्यावर वर्ष काढणे होय.

दुसरे काम पेनड्राइव्हचे. त्यावरून चालणारी लिनक्स तयार ठेवावी. संगणक बंद पडल्यावर ती तयार करण्यासाठी दुसरा संगणक शोधीत हिंडावे लागते.

तिसरे काम नोंदीचे. प्रत्येक पार्टिशनचा क्रमांक, आरंभीचा सेक्टर, शेवटचा सेक्टर व फाइल सिस्टिमचा प्रकार एका कागदावर लिहून तो कागद जडवस्तू संग्रह नोंदवहीत संगणकाच्या नोंदीशेजारी चिकटवावा. वर ‘आ’मध्ये सांगितलेला उपाय या कागदामुळे पुष्कळ सोपा होतो. तक्ता हरवला तरी हे आकडे हाती असल्यास तो पुन्हा मांडता येतो. दहा मिनिटांचे हे लेखन पुढे कित्येक दिवसांचे श्रम वाचविते.

आणि एवढे करूनही दोष उद्भवलाच तर? तर प्रथम हात आवरावा. नवे काही लिहू नये, फॉरमॅट करू नये, पडद्यावरील ओळ जशीच्या तशी वहीत उतरवून घ्यावी. मग विचार करावा : बिघाड पिकात आहे की सातबाऱ्यात? गणित चुकलेल्या मुलाची पाटी चांगला शिक्षक लगेच पुसून टाकीत नाही. चूक कोणत्या पायरीवर झाली ते आधी पाहतो. संगणकाच्या बाबतीतही तोच धीर, तीच दृष्टी हवी. शाळेच्या कपाटातील ठेवा मुलांच्या पिढ्यांचा आहे. त्याच्या हद्दी बदलण्याचा अधिकार ज्याने घेतला, त्याने त्याची राखणही केली पाहिजे.