बे-लीफ: खुंट्या काढून हलवलेलं घर

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोनजवळ, बे-लीफ हे जुनं शेतघर होतं. १९६०च्या दशकात तिथे बाउ बीच जलाशयाची आखणी झाली आणि घर बुडीत क्षेत्रात आलं. दगड-विटांचं असतं तर बहुधा तिथेच संपलं असतं. पण ओकच्या लाकडी सांगाड्याचं असल्यामुळे १९६८-६९ मध्ये ते सुटं करता आलं. १९७२ मध्ये ससेक्समधल्या सिंगलटनला, रॉय आर्मस्ट्राँग यांनी स्थापलेल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात, ते पुन्हा उभं राहिलं.

याचं श्रेय मूळ सुतारांचं. ते ओक ओलाच वापरत. वाळला की तो हत्याराला दाद देत नाही. एका लाकडाला खोबण, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ, आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. दोन्हींतली भोकं मुद्दाम जराशी चुकवून पाडत, म्हणजे खुंटी ठोकताना जोड ओढला जाऊन घट्ट बसे. जोडांवर खुणा कोरून सांगाडा आधी जमिनीवर जुळवत, मग जागेवर उभा करत. खांबांमधल्या भिंती कुडाच्या: ओकच्या काठ्या, त्यांत विणलेल्या फांद्या, वर माती, गवत आणि शेणाचा लेप. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

मधलं दालन थेट छपरापर्यंत मोकळं. जमिनीवर चूल, धुराडं नाही. धूर वाशांतून वाट काढी. खिडक्यांना काच नाही, लाकडी गज आणि झडपा. दालनाच्या दोन्ही टोकांना दोन मजले, वरचा मजला दर्शनी बाजूला थोडा पुढे आलेला, आणि सगळ्यांवर एकच छप्पर. त्यामुळे मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. या धाटणीला वील्डन म्हणतात. दालन आणि कोठीचा भाग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा. मालकाच्या खोल्यांचं टोक सोळाव्याच्या आरंभीचं. तिथे माडीवर भिंतीबाहेर काढलेला संडासही आहे. खाऊनपिऊन सुखी कुळाचं हे घर, गरिबाचं नव्हे.

पुढच्या पिढ्यांनी धुराडं बांधलं, दालनात मजला घातला. संग्रहालयाने हे सारं वगळून घर १५४०च्या सुमाराचं दाखवलं आहे. आतलं सामानही त्या काळाबरहुकूम नव्याने घडवलेलं. म्हणजे नंतर तिथे राहिलेल्यांची चारशे वर्षं पुसली गेली. हा सौदा मला पूर्ण पटत नाही. मात्र धुराडं ठेवलं असतं तर मोकळ्या दालनाची उंची कळली नसती, हेही खरं. वास्तूला एकच काळ द्यायचा तर सुताराचा द्यावा, इतपत मी संग्रहालयाच्या बाजूने आहे. सिंगलटनच्या बाजूला गेलात तर आत शिरल्यावर सामानाकडे नंतर पाहा. आधी मान वर करून वासे पाहा.