काला अंब: कलाशाखेवाल्यांची सहल

दिल्लीत नाटक किंवा साहित्य शिकणाऱ्या मराठी मुलांनो, ९० किलोमीटरवरचं पानिपत बघाच! १४ जानेवारी १७६१ च्या लढाईचं स्मारक काला अंबला आहे. नावातलं आंब्याचं झाड आता नाही, विटांचा स्तंभ आहे.

एकाच लढाईवर किती प्रकारचं लेखन! भाऊसाहेबांची बखर, गोविंदाग्रजांचा ‘पानपतचा फटका’, विश्वास पाटलांची १९८८ ची कादंबरी. बखर आधी वाचा. गद्याचा असा ठसका वर्गात क्वचितच भेटतो. गोवारीकरांचा २०१९ चा सिनेमा नंतर पाहिला तरी चालेल.

अभिनयवाल्यांसाठी दिल्लीतच राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, स्थापना १९५९. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी तिथेच शिकल्या. चित्रकलावाल्यांनो, पानिपतला वही न्या, पण मे-जूनच्या उन्हात जाऊ नका.