सल्ल्याकडून संकेताकडे : पायथन वेब ॲप्लिकेशनच्या विकसकांमधील व्यावहारिक ज्ञानाची देवाणघेवाण

प्रस्तावना

कोणत्याही विद्याशाखेत ज्ञानाचे दोन प्रवाह आढळतात. एक प्रवाह ग्रंथांतून व अभ्यासक्रमांतून वाहतो, तर दुसरा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांच्या परस्पर बोलण्यातून. संगणकशास्त्रात हा दुसरा प्रवाह विशेष प्रबळ आहे. वेब ॲप्लिकेशन, म्हणजे न्याहाळकातून वापरली जाणारी आज्ञावली, कशी उभारावी याविषयी विकसक एकमेकांना सतत सल्ले देत असतात. ‘असे करू नका, आम्हाला त्याचा त्रास झाला’ हे या सल्ल्यांचे सर्वसाधारण रूप होय.

अशा सल्ल्यांना शास्त्रीय ज्ञान म्हणावे काय, हा प्रश्न अध्यापकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात पायथन या भाषेतील वेब विकसनाचा आधार घेऊन असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, हे सल्ले विस्कळीत राहत नाहीत. त्यांपैकी जे टिकतात ते क्रमाक्रमाने साधन, मानक आणि अखेरीस साधनाचे पूर्वनिर्धारित वर्तन बनतात. मात्र या प्रवासात सल्ल्यामागील कारण विस्मृतीत जाण्याचा धोका असतो. ते कारण जपणे हे महाविद्यालयीन अध्यापनाचे काम आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

सल्ला लेखबद्ध करण्याची परंपरा

पायथन ही भाषा गिडो व्हान रोसम यांनी ॲमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत असताना विकसित केली व 1991 मध्ये ती प्रथम प्रसृत झाली. या भाषेत कोणताही महत्त्वाचा बदल करावयाचा असल्यास त्याचा लेखी प्रस्ताव मांडण्याची पद्धत 2000 मध्ये सुरू झाली. अशा प्रस्तावास ‘पेप’ असे संक्षिप्त नाव आहे. प्रस्ताव मांडणाऱ्याने केवळ आपली कल्पना मांडून चालत नाही. त्याने कारणमीमांसा द्यावी, समुदायात सहमती घडवावी आणि विरोधी मतांचीही नोंद ठेवावी, अशी अपेक्षा पहिल्याच पेपमध्ये व्यक्त केली आहे. अनेक प्रस्तावांत नाकारलेल्या पर्यायांचे स्वतंत्र प्रकरण असते. आपल्या शोधनिबंधांत जे सिद्ध झाले तेच सहसा छापले जाते. काय नाकारले व का नाकारले, याची नोंद ठेवणारी ही पद्धत त्या दृष्टीने लक्षणीय आहे.

वेब विकसनाच्या इतिहासात या पद्धतीचे ठळक फलित म्हणजे डब्ल्यूएसजीआय हे मानक. 2003 पर्यंत पायथनमध्ये क्विक्सोट, वेबवेअर, ट्विस्टेड वेब अशा अनेक फ्रेमवर्क तयार झाल्या होत्या. परंतु एखादी फ्रेमवर्क निवडली की तिच्याशी जुळणारा सर्व्हरच वापरावा लागे आणि सर्व्हर आधी निवडला तर फ्रेमवर्कची निवड मर्यादित होई. ‘कोणते कशाबरोबर चालते’ यासंबंधीचे सल्ले देण्यातच विकसकांची शक्ती खर्च होत असे. डिसेंबर 2003 मध्ये फिलिप एबी यांनी पेप 333 मांडला. त्यातील कल्पना अत्यंत साधी होती. ॲप्लिकेशन म्हणजे एक असे फंक्शन, ज्याला सर्व्हर दोन गोष्टी देतो : आलेल्या विनंतीची माहिती, आणि उत्तराची सुरुवात करण्याचे साधन. या कराराचे पालन करणारा कोणताही सर्व्हर कोणत्याही ॲप्लिकेशनशी जोडता येऊ लागला. मानक इतके साधे ठेवण्याचे कारणही प्रस्तावात नमूद आहे. आरंभी ते कोणीच वापरत नसल्याने त्याचा स्वीकार करणाऱ्यास तात्काळ लाभ नव्हता, म्हणून ते अमलात आणण्याचे श्रम तरी अल्प असणे आवश्यक होते. पुढे 2006 मध्ये पायथनच्या 2.5 या आवृत्तीत या मानकाचा नमुना अंतर्भूत झाला आणि तत्संबंधीच्या सल्ल्यांची बहुतांश गरजच संपली.

सल्ल्याच्या प्रवासाचे टप्पे

अनेक सल्ल्यांचा प्रवास पाहता त्यात साधारणतः चार टप्पे दिसतात : अनुभवजन्य सूचना, स्वतंत्र साधन, मान्य मानक आणि पूर्वनिर्धारित वर्तन. प्रत्येक सल्ला चारही टप्पे पार करतोच असे नाही. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण माहितीसंचातील शोधाचे. समजा, ग्रंथालयाच्या ॲप्लिकेशनमध्ये सभासदाचे आडनाव घेऊन ते शोधाच्या आज्ञेत जसेच्या तसे जोडले जाते. एसक्यूएल या भाषेत मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहिला जातो. रोमन लिपीत डिसोझा हे गोव्यातील व कोकणातील परिचित आडनाव लिहिताना पहिल्या अक्षरानंतर तेच चिन्ह बहुधा येते. परिणामी मजकूर तेथेच संपला असे संगणक मानतो व आज्ञा मोडते. हा केवळ गैरसोयीचा भाग झाला. दुष्ट हेतूने वापरणारी व्यक्ती त्या चिन्हापुढे स्वतःची आज्ञा लिहून संपूर्ण माहिती वाचू किंवा पुसू शकते. म्हणून विकसकांचा जुना सल्ला असा की, आज्ञा आणि मूल्ये कधीही एकत्र जोडू नयेत, ती वेगवेगळी पाठवावीत. पायथनच्या माहितीसंच-जोडणीच्या मानकात, म्हणजे पेप 249 मध्ये, ही सोय आहे. जँगोसारख्या फ्रेमवर्क त्याही पुढे जाऊन बहुतेक आज्ञा स्वतःच अशा रीतीने तयार करतात.

दुसरे उदाहरण ग्रंथसंग्रहांच्या, म्हणजे लायब्ररींच्या, आवृत्त्यांचे. एकाच संगणकावर दोन ॲप्लिकेशन असून एकाला जँगोची जुनी आणि दुसऱ्याला नवी आवृत्ती हवी असेल, तर एकासाठी केलेला बदल दुसऱ्यास बंद पाडतो. ‘प्रत्येक कामासाठी वेगळी जागा ठेवा’ हा सल्ला इयान बिकिंग यांच्या व्हर्च्युअलएन्व्ह या साधनात 2007 मध्ये उतरला. पेप 405 नुसार 2012 मध्ये ती सोय पायथनच्या 3.3 या आवृत्तीचाच भाग झाली. त्यानंतर पेप 668 ने असा संकेत घालून दिला की, संगणकप्रणालीच्या मूळ पायथनमध्ये बाहेरील लायब्ररी बसविण्याचा प्रयत्न झाल्यास साधनानेच नकार द्यावा. 2023 च्या डेबियन 12 मध्ये हा नकार अनुभवास येतो. अशा प्रकारे ज्या सूचनेचे पालन पूर्वी विकसकाच्या मर्जीवर होते, ती आता साधनच सांगते.

तिसरे उदाहरण पानावर मजकूर दाखविण्याचे. जँगो ही फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यात लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कार्यालयात जन्मास आली व जुलै 2005 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. वापरकर्त्याने लिहिलेल्या अभिप्रायात एखादी आज्ञावली दडलेली असेल, तर ती इतर वाचकांच्या न्याहाळकात चालू नये म्हणून विशिष्ट चिन्हे निष्प्रभ करावी लागतात. आरंभी हे काम प्रत्येक ठिकाणी विकसकाने आठवणीने करावयाचे होते. शंभर ठिकाणी आठवण राहिली आणि एका ठिकाणी विसर पडला, तरी संरक्षण निरर्थक ठरे. 2008 मधील 1.0 या आवृत्तीपासून हा न्याय उलटा करण्यात आला. मजकूर आपोआप निष्प्रभ होऊ लागला आणि ज्याला सूट हवी त्याने ती स्पष्टपणे मागावी असे ठरले. 2015 च्या 1.8 या आवृत्तीत याच प्रक्रियेचे आणखी एक रूप दिसते. जँगो-सिक्युअर या स्वतंत्र साधनातील अनेक सोयी मूळ फ्रेमवर्कमध्ये आल्या आणि ॲप्लिकेशन सर्व्हरवर नेण्यापूर्वी ‘चेक’ या आज्ञेला ‘डिप्लॉय’ हा पर्याय जोडून सुरक्षेची तपासणी करता येऊ लागली.

पूर्वनिर्धारित वर्तनाची मर्यादा

उपरोक्त विवेचनावरून असे वाटेल की, उत्तम सल्ला म्हणजे जो देण्याची गरजच उरली नाही तो. हे काही अंशी खरे आहे, तथापि त्यात दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण अशी की, काही सल्ल्यांचे यांत्रिकीकरण सहजासहजी होत नाही. जँगोमध्ये नवे काम सुरू करताना जी मांडणीची फाइल तयार होते, तिच्यात ‘डीबग’ ही सोय चालू असते, कारण शिकणाऱ्यास व घडविणाऱ्यास तिची गरज असते. मात्र प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर ती चालू राहिली, तर चूक होताच आज्ञावलीचा अंतर्भाग परक्यांसमोर उघडा पडतो. याविषयीची सूचना त्या फाइलमध्येच टिपेच्या स्वरूपात लिहिलेली असते. अर्थात, येथे सल्ला हा सल्लाच राहिला आहे आणि तो वाचणारा माणूस आवश्यक आहे.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. संरक्षण आपोआप मिळू लागले की ते का आहे याचे आकलन क्षीण होते. आर्मिन रोनाकर यांची 2010 मधील फ्लास्क ही फ्रेमवर्क एचटीएमएल साच्यांतील मजकूर आपोआप निष्प्रभ करते. परंतु ती ज्या जिंजा या साचाप्रणालीवर आधारित आहे, ती स्वतंत्रपणे वापरल्यास ही सोय आरंभी बंद असते. ‘पायथनमध्ये हे आपोआप होते’ एवढेच पाठ केलेला विद्यार्थी येथे फसतो. तसेच, जँगोच्या सोयी बाजूस सारून स्वतःची एसक्यूएल आज्ञा अक्षरे जोडून लिहिली, की डिसोझा यांची जुनी अडचण पुन्हा उभी राहते.

मराठीच्या संदर्भातील अनुक्त सल्ले

वेब विकसनाविषयीची बरीचशी देवाणघेवाण इंग्रजीत होते. त्यामुळे इंग्रजी मजकुराच्या अडचणींवरील सल्ले विपुल आहेत, पण देवनागरीच्या अडचणींवरील सल्ले आपणच दिल्याशिवाय त्यांची भर पडणार नाही.

‘क्षितिजा’ हे नाव घ्यावे. आपण त्यात तीन अक्षरे मोजतो. युनिकोडनुसार त्यात आठ घटक आहेत : क, हलन्तचिन्ह, ष, ऱ्हस्व इकार, त, ऱ्हस्व इकार, ज आणि काना. यूटीएफ-8 या संकेतनात प्रत्येक घटकास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण चोवीस. अर्जातील रकान्याची मर्यादा वीस ठेवली, तर ती वीस कशाची आहे यावर नाव पूर्ण राहील की मध्येच तुटेल हे अवलंबून असते. ‘आत येताना बाइटचे मजकुरात रूपांतर करा, आत केवळ मजकूर वापरा, बाहेर जाताना पुन्हा बाइट करा’ हा पायथन विकसकांचा प्रसिद्ध सल्ला आहे. 2010 मध्ये डब्ल्यूएसजीआयची सुधारित आवृत्ती पेप 3333 म्हणून काढावी लागली, ती मुख्यत्वे पायथन 3 मध्ये बाइट आणि मजकूर यांची फारकत झाल्यामुळेच.

‘कऱ्हाड’ या गावाच्या नावाची अडचण याहून सूक्ष्म आहे. त्यातील अर्धा र तीन प्रकारे टंकित होऊ शकतो : ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतांकाने, र व नुक्ता यांच्या संयोगाने, किंवा र, हलन्तचिन्ह आणि पडद्यावर न दिसणारे शून्य रुंदीचे जोडचिन्ह यांच्या साहाय्याने. डोळ्यांना तिन्ही रूपे सारखीच दिसली, तरी संगणकाच्या लेखी ते तीन भिन्न शब्द आहेत. पायथनमधील युनिकोडडेटा या घटकाद्वारे प्रमाणीकरण केल्यास पहिली दोन रूपे एक होतात, परंतु तिसरे वेगळेच राहते. त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. अन्यथा, गुणवत्ता यादीत नाव असूनही शोध घेतल्यावर ते सापडत नाही आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो.

जँगोच्या मूळ रचनेत वापरकर्त्याच्या नावासाठी नाव व आडनाव असे दोनच रकाने आहेत. वडिलांचे वा पतीचे नाव मध्ये लिहिण्याची आपली रीत त्यात सामावत नाही. नवे काम हाती घेताना आरंभीच स्वतःची वापरकर्ता-रचना करावी, असे जँगोचे दस्तऐवज सुचवितात. आपल्याकडे या सूचनेचे महत्त्व अधिकच आहे, कारण माहिती साठू लागल्यावर ही रचना बदलणे अत्यंत कष्टाचे होते.

अध्यापनासाठी काही सूचना

महाविद्यालयांच्या ॲप्लिकेशनमध्ये विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, आधार क्रमांक व बँक खात्यांचे तपशील असतात. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी वाजवी सुरक्षा उपाय योजण्याची तरतूद 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात आहे. अशी ॲप्लिकेशन पुष्कळदा आपलेच विद्यार्थी प्रकल्प म्हणून तयार करतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ गुणदानापुरता राहत नाही. या दृष्टीने पुढील उपाय सुचवावेसे वाटतात.

1. प्रकल्प-अहवालात ‘नाकारलेले पर्याय व त्यांची कारणे’ असे एक पान अनिवार्य करावे.

2. प्रात्यक्षिक परीक्षेत ‘हे कसे केले’ याबरोबरच ‘हे न केल्यास काय होईल’ असा प्रश्न विचारावा आणि तो दोष विद्यार्थ्यास प्रयोगशाळेतील संगणकावर प्रत्यक्ष घडवून दाखविण्यास सांगावे.

3. चाचणीसाठी वापरावयाच्या नावांत रोमन लिपीतील डिसोझा आणि देवनागरीतील क्षितिजा व कऱ्हाड यांचा समावेश करावा.

4. आढळलेल्या अडचणी व उपाय मराठीत लेखबद्ध करून विभागात जतन करावेत आणि सार्वत्रिक महत्त्वाच्या गोष्टी मूळ प्रकल्पांकडे कळवाव्यात. मुंबईत विकसित झालेली फ्रापे ही फ्रेमवर्क पायथनवरच आधारलेली असून तिचा स्रोत मुक्त आहे. योगदानाचा प्रारंभ अशा जवळच्या प्रकल्पापासूनही करता येईल.

निष्कर्ष

विकसकांचे परस्परांना दिलेले सल्ले हे परीक्षणाविना फिरणारे ज्ञान नव्हे. प्रत्यक्ष वापर हेच त्याचे परीक्षण असते. त्यातून उतरलेले सल्ले मानकांत व साधनांत स्थिरावतात आणि त्यामुळे नवख्या विकसकाचे कामही बऱ्याच प्रमाणात सुरक्षित होते. मात्र साधन नियम पाळते, त्यामागील कारण सांगत नाही. साधन बदलले, सोय बंद असली किंवा लिपी वेगळी असली, की ते कारण जाणणारा विकसकच उपयोगी पडतो. असा विकसक घडविण्यासाठी अभ्यासक्रमात नव्या विषयाची भर घालण्याची आवश्यकता नाही. असलेल्या विषयांत प्रत्येक सल्ल्याबरोबर त्याचे कारणही शिकविले, तर ते पुरेसे होईल.