गटाच्या कामाची चतुःसीमा



जमिनीचं खरेदीखत आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलेलं असतं. त्यात चतुःसीमा लिहिलेली असते. पूर्वेला अमक्याची वाडी, पश्चिमेला रस्ता, दक्षिणेला ओहोळ. ती नीट लिहिलेली नसली की पुढे भांडण ठरलेलं. आज मी गटाच्या कामाच्या चतुःसीमेबद्दल बोलणार आहे. काम करताना कोणाला इजा होऊ नये, कामापायी कोणी आजारी पडू नये, ही काळजी गटाने कुठपर्यंत घ्यायची? त्याची हद्द कोणती?

मोठ्या कंपन्यांमध्ये यासाठी लेखी पद्धत असते. तिचं जगभर चालणारं मानक म्हणजे आयएसओ ४५००१. ते मार्च २०१८ मध्ये आलं आणि आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही ते स्वीकारलं. आपल्या गटाने त्याचं प्रमाणपत्र घ्यावं असं मी म्हणत नाही. पण त्यातली एक पायरी वही-पेन घेऊन कुठलाही गट करू शकतो. हातमोजे आणा, पेटी आणा, हे ठरवायच्या आधी त्यात विचारतात, की ही व्यवस्था कुठल्या जागेला, कुठल्या माणसांना आणि कुठल्या कामांना लागू आहे? याला व्याप्ती म्हणतात. ती लिहून ठेवायची असते.

न लिहिल्याने काय होतं ते सांगते. आपल्याच किनाऱ्यावरचा सुकी मासळी करणारा एक गट आहे. नाव सांगत नाही. त्यांची शेड नीटनेटकी. प्रथमोपचार पेटी भिंतीला, मिठात काम करताना हातमोजे, पिशव्या सील करायच्या मशीनची वायर धड. एके दिवशी पहाटे त्यांच्यातली एक ताई बंदरावर लिलावात मासळी घेऊन डोक्यावर पाटी चढवून निघाली आणि शेवाळलेल्या पायरीवरून घसरली. मनगट मोडलं. दीड महिना हात प्लास्टरमध्ये, म्हणजे दीड महिना कमाई बंद.

गटाची बैठक झाली. काही जणी म्हणाल्या, "शेडमध्ये पडली असती तर गटाने बघितलं असतं. बंदर काय आपलं आहे का?" दुसऱ्या म्हणाल्या, "अगं, पण मासळी ती कोणाची आणत होती?" शेवटी तिला दवाखान्यासाठी पैसे मिळाले ते कर्ज म्हणून, नेहमीच्या व्याजाने. गटातलं कोणी वाईट नव्हतं. हद्द कधी ठरलीच नव्हती, म्हणून जिला जशी सुचली तशी तिने ती आखली.

कोणी म्हणेल, विमा आहे ना? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत मिळते आणि ती प्रत्येकीने घ्यायलाच हवी. पण ती अपघाती मृत्यू आणि कायमचं अपंगत्व यासाठी आहे. बऱ्या होणाऱ्या मनगटाचे आणि बुडालेल्या रोजाचे पैसे त्यातून येत नाहीत.

आता आपल्या कामाच्या चार बाजू बघू.

पहिली बाजू जागेची. शेडच्या भिंती मोजू नका, मालाच्या मागे चालत जा. बोंबील बंदरावर हातात आले तिथून काम सुरू झालं. तिथून पायरी, रस्ता, धुण्याची जागा, वाळवायचा मांडव, शेड, टेम्पो, बाजार. कोळंबी सोलायला घरी नेत असाल तर ओटीसुद्धा कामाची जागा झाली. कायदाही असाच विचार करतो. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पाहा. त्यात कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा, मालकाने दिलेल्या वाहनातला प्रवास, इतकंच काय, राहतं घरसुद्धा कामाचं ठिकाण धरलं आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तिथल्या बाईने तक्रार कुठे करायची, यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते.

दुसरी बाजू माणसांची. गटाच्या दहा-बारा सभासद म्हणजे सगळे, असं नाही. आयएसओच्या मानकात काम करणारा माणूस कोण, तर पगारी असो की बिनपगारी, कायमचा असो, हंगामी असो की कधीमधी येणारा. म्हणजे रोजावर येणारी आदिवासी वाडीवरची बाई आली. पाऊस दिसला की मासळी उचलायला धावणाऱ्या सासूबाई आल्या. शाळेतून आल्यावर लेबल चिकटवणारी मुलगीही आली. बहुतेक वेळा सर्वांत जड आणि ओलं काम रोजावरच्या बाईकडे असतं आणि हातमोजे मात्र सभासदांपुरतेच आणलेले असतात.

तिसरी बाजू कामांची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. मग गट दुसरं काही करतो. उन्हाळ्यात मसाला, पुढे पापड, पेणकडच्या बायका गणपतीच्या कारखान्यात. प्रत्येक कामाचा धोका वेगळा. बोंबलात पाय घसरतो, मिरचीत दम लागतो, मूर्ती घासताना भुकटी छातीत जाते आणि लुगड्यावर बसून घरच्या बाळापर्यंत पोचते. शेड धुणं, माल उतरवणं ही कामं आपण कामात मोजतच नाही. तीही लिहा.

चौथी बाजू वेळेची. पहाटे चारला अंधारात बंदरावर जाणं हे दुपारी बारापेक्षा वेगळं काम आहे. आणि वादळाची वेळ तर आपल्याला सांगायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर धडकलं. इशारा आल्यावर मांडव कोण सोडवणार, मशीनची वीज कोण बंद करणार, आणि माल राहू देऊन बायका कधी घरी जाणार, हेही चतुःसीमेच्या आतलं.

तुम्ही म्हणाल, इतकं सगळं गटाने कसं सांभाळायचं? त्याचे दोन भाग करा. काही गोष्टी आपल्या हातातल्या. शेड, मशीन, पाटीत किती वजन भरायचं, रोजावरच्या बाईला हातमोजे. त्या आपणच करायच्या. काही गोष्टी आपल्या शब्दातल्या. टेम्पोवाल्याला आपण सांगू शकतो की बायकांना मालावर बसवून नेऊ नको. बंदराच्या पायऱ्या घासायला आणि दिवा लावायला ग्रामपंचायतीकडे, मच्छीमार सोसायटीकडे अर्ज देऊ शकतो, आणि तो ग्रामसंघामार्फत गेला तर वजन येतं. मानकात हे दोन्ही भाग धरले आहेत. जे ताब्यात आहे ते, आणि जिथे आपला प्रभाव पडतो तेही.

मग बाहेर काय ठेवायचं? भर समुद्रातली बोट आपल्या हातात नाही आणि आपल्या शब्दातही नाही. एखादीने गटाचं कर्ज घेऊन स्वतःची शिलाई सुरू केली, तो तिचा धंदा. अशा गोष्टी बाहेर ठेवा आणि का ठेवल्या ते एका ओळीत लिहा. पण एक नियम पाळा. धोक्याचं आहे किंवा खर्चाचं आहे म्हणून कुठलंही काम हद्दीबाहेर ढकलायचं नाही. मानकातही हीच ताकीद आहे. कागदावरची हद्द फाटकापाशी संपली तरी इजा तिथे थांबत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून वायू सुटला तेव्हा माणसं मेली ती मुख्यतः भोवतालच्या वस्त्यांत, झोपेत. आपला धंदा तेवढा मोठा नाही, पण मिरची कांडपाचा खकाणा शेजारच्या अंगणवाडीत जातो, मासळीचं पाणी गल्लीत सोडलं तर तिथे कोणी म्हातारी घसरते. शेजारीही आपल्या चतुःसीमेत लागतो.

आणि हे आपल्यासाठी दुसरं कोणी करणार नाही. महाराष्ट्रात कारखान्याचे नियम साधारणपणे वीज वापरून काम असेल तर २० आणि विजेशिवाय असेल तर ४० कामगारांपासून लागू होतात. आपले बहुतेक गट त्याच्या खालचे. तपासणीला निरीक्षक येणार नाही. दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आपण दर बैठकीला म्हणतो. ते कामाच्या जागी उतरवायचं ते असं.

लिहिताना सोपं लिहा. उदाहरणार्थ: "आमचा गट सुकी मासळी व मसाला करतो. बंदरावर मासळी घेण्यापासून बाजारात माल पोचेपर्यंतची सर्व कामं, शेड, मांडव, घरी नेलेलं काम आणि मालासोबतचा प्रवास आमच्या सुरक्षेच्या व्यवस्थेत येतो. सभासद, रोजावरच्या बायका आणि मदतीला येणारी घरची माणसं यांना ती सारखीच लागू आहे. बोटीवरचं काम यात नाही, कारण ते आमच्या ताब्यात नाही."

इतकंच. चार वाक्यं आहेत, पण ती इतिवृत्तात ठराव म्हणून गेली की बंदरावर पडलेल्या बाईला आपली बाजू मांडत बसावं लागत नाही. पुढच्या बैठकीआधी चौघी-पाच जणी मालाच्या मागे एकदा पहाटेपासून चाला. रोजावरच्या बाईला सोबत घ्या. कुठे घसरायला होतं, कुठे कंबर धरते, ते तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मग ठराव करा. नवं मशीन आलं, नवं काम धरलं, की तो पुन्हा वाचा. नाहीतर वर्षातून एकदा, मासेमारी बंद असताना, सवडीने वाचा.