कसारा घाट, पंचावन्न टन आणि कॅमशाफ्टचा उंचवटा

दापोड्याच्या गोदामांतून रात्री माल भरून निघालेला ट्रेलर माणकोलीहून नाशिकच्या रस्त्याला लागतो. शहापूरपर्यंत त्याचं कुणाला काही वाटत नाही. खरी परीक्षा कसाऱ्याच्या पुढे. तिथे चालक एकेक गियर खाली उतरवत जातो, वेग वीसवर येतो आणि मागे मोटारींची रांग लागते. आपण मोटारीत बसून हॉर्न वाजवत असतो, तेव्हा त्या बॉनेटखाली काय चाललेलं असतं?

आधी थोडं गणित. २०१८ साली केंद्र सरकारने मालगाड्यांची कमाल वजनमर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर नेली. विसांत एक असा चढ धरला, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, तर ५५ टनांची गाडी नुसती मागे घरंगळू नये म्हणूनच पावणेतीन टनांची ओढ लागते. टायरचं घर्षण वेगळं. ताशी २० किलोमीटरने हे ओझं वर न्यायला साधारण २३० अश्वशक्ती खर्ची पडते. तीनशे अश्वशक्तीच्या इंजिनाला हे जमतं, पण फारसं हातचं राखून नाही.

अश्वशक्ती हा शब्द सगळ्यांच्या तोंडी असतो. चालकाला घाटात जाणवतो तो मात्र टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर. चाकाचा गंजलेला नट सुटत नसला की क्लीनर पान्याला लांब पाइप लावतो. ताकद तीच, पण पीळ वाढतो. आज आपल्याकडे ट्रेलर ओढणाऱ्या ६.७ लिटरच्या डिझेल इंजिनाचा टॉर्क ११०० न्यूटन मीटरच्या घरात असतो. एक मीटर लांब पान्याच्या टोकाला ११२ किलो वजन टांगावं, इतका हा पीळ. छोट्या पेट्रोल मोटारीत हाच आकडा ११० च्या आसपास असतो आणि त्यासाठी इंजिनाला मिनिटाला चार हजारांवर फेरे घ्यावे लागतात. ट्रकला तो अकराशे-बाराशे फेऱ्यांतच हवा असतो. तिथे नाही मिळाला तर गाडी दम टाकते.

कमी फेऱ्यांत जास्त पीळ कुठून येतो? मोठा सिलिंडर, टर्बो, डिझेलचा दाब ही उत्तरं बहुतेकांना ठाऊक असतात. चौथं उत्तर आतल्या एका दांड्यावर असतं. कॅमशाफ्ट म्हणजे अंड्याच्या आकाराचे उंचवटे असलेला दांडा. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा त्याचा एक होतो. हे उंचवटे हवेचे आणि धुराचे व्हॉल्व्ह उघडतात. कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा, कधी मिटायचा, हे त्या उंचवट्याच्या घडणीतच ठरलेलं असतं.

यातला कळीचा क्षण हवेचा व्हॉल्व्ह मिटण्याचा. पिस्टन तळाला पोचला की व्हॉल्व्ह लगेच बंद व्हायला हवा, असं कुणालाही वाटेल. तसं करत नाहीत. वेगाने आत शिरणारी हवा रेटा धरून असते, पिस्टन वर वळला तरी ती आत घुसत राहते. म्हणून व्हॉल्व्ह थोडा उशिरा, क्रँकचे साधारण ३० ते ४० अंश उलटल्यावर मिटतो. वेगाने फिरणाऱ्या इंजिनात हा उशीर फायद्याचा. पण घाटात इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर असताना हवेला तेवढा रेटा नसतो. उशीर जास्त झाला तर पिस्टन आत आलेली हवाच परत बाहेर ढकलतो. हवा कमी, म्हणजे जळणारं डिझेल कमी, म्हणजे पीळ कमी. म्हणूनच ओझं ओढायच्या इंजिनाचा कॅम लवकर मिटणारा घडवतात आणि वरच्या वेगातला थोडा जोर सोडून देतात. ट्रेलरला शर्यत जिंकायची नसतेच.

इंजिन खोलून पुन्हा बांधताना हा हिशेब बिघडू शकतो. ट्रकमध्ये कॅमशाफ्ट बहुधा गियरने फिरतो आणि दोन्ही गियरवरच्या खुणा जुळवाव्या लागतात. समजा, कॅमच्या गियरला ६० दात आहेत. एक दात चुकला तर कॅम ६ अंशांनी आणि क्रँकच्या मापाने १२ अंशांनी सरकतो. मागे सरकला तर गाडी सुरू व्हायला त्रास देते, चढ घेत नाही. पुढे सरकला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटण्याची भीती, कारण डिझेल इंजिनात त्या दोघांमधलं अंतर जेमतेम मिलिमीटरच्या आसपास असतं. याहून नेहमीचा दोष टॅपेटचा. टॅपेट ढिले झाले की व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि पुरता उचललाही जात नाही. नुसता खटखट आवाज म्हणून पुष्कळजण ते महिनोन् महिने ढकलतात.

जुन्या गाड्यांत मग सोपा उपाय निघतो, ‘पंप वाढवून द्या’. डिझेल जास्त जातं, हवा तेवढीच राहते. गाडी थोडी उचल खाते आणि चढावर काळा धूर ओकते. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच काढला आहे. त्या धुरात सर्वांत जास्त वेळ चालक आणि क्लीनरच बसलेले असतात. शिवाय पिस्टन तापून बसतो तो वेगळाच. माझ्या मते पंपाला हात लावण्याआधी टॅपेट आणि एअर फिल्टर तपासायला सांगणारा मिस्त्री हा खरा मिस्त्री.

चढणीइतकीच उतरणही जिवावरची असते. अमेरिकेतले इंजिननिर्माते क्लेसी कमिन्स १९३१ मध्ये डिझेल ट्रक घेऊन कॅलिफोर्नियातला कहोन घाट उतरत होते. ब्रेक तापून निकामी झाले आणि पायथ्याशी रेल्वेमार्गावर समोरून मालगाडी जात होती. टक्कर थोडक्यात टळली. तो प्रसंग त्यांच्या डोक्यातून गेला नाही. पुढे निवृत्तीनंतर त्यांनी युक्ती काढली: पिस्टनने हवा दाबून होताच, नेमक्या त्या क्षणी धुराचा व्हॉल्व्ह किंचित उघडायचा. दाबलेली हवा निसटते, पिस्टनला परत खाली रेटत नाही आणि इंजिनच गाडीला मागे खेचू लागतं. व्हॉल्व्ह त्या क्षणी उघडणार कोण, हा प्रश्न होता. त्यांच्याच इंजिनात डिझेल फवारण्यासाठी कॅमशाफ्टवर एक जादा उंचवटा होता, आणि त्याची वेळ बरोबर तीच होती. हा ब्रेक १९६१ मध्ये बाजारात आला.