‘बहीण आलं’ म्हणणाऱ्या लेकराचं काय चुकतं?

किनवट भागातल्या शाळांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : “तेलुगू-गोंडी बोलणाऱ्या पोरांना लिंग कळतच नाही. त्यांच्या भाषेत लिंगच नसतं.” आणि त्याला जोडून लगेच दुसरं : “अहो, त्यात कळायचं काय? मोठं, दणकट ते ‘तो’. लहान, नाजूक ते ‘ती’. निर्जीव असेल ते ‘ते’. डोळ्यांना दिसतं की!” चांगली शिकलेली माणसं असं बोलतात, म्हणून जास्त राग येतो. दोन्ही वाक्यं साफ चूक आहेत. आणि दुसरं खरं वाटतं म्हणूनच पहिलं टिकून राहिलंय.

आधी दुसरं घेऊ. डोळ्यांना दिसतं म्हणता, तर पैनगंगेकडेच पाहा. पावसाळ्यात दोन्ही काठ भरून वाहणारी ती नदी स्त्रीलिंगी, आणि तिला येऊन मिळणारे, उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे-नाले पुल्लिंगी. भिंत ती, तिच्यात ठोकलेला खिळा तो. पुरुषाच्या तोंडावरची दाढी आणि मिशी दोन्ही स्त्रीलिंगी. बाईच्या खांद्यावरचा पदर पुल्लिंगी. एकाच शिवारात कापूस तो, तूर ती, सोयाबीन ते. यात दणकट कोण आणि नाजूक कोण, हे कुणीतरी मला दाखवून द्यावं.

हा गैरसमज कुठून आला, ते मात्र समजण्यासारखं आहे. लोटा-लोटी, डबा-डबी, सुरा-सुरी अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत आणि तिथे लिंगावरून आकार खरोखरच कळतो. पण हे फक्त एकाच शब्दाच्या दोन रूपांपुरतं खरं आहे. त्या जोडीबाहेर पाऊल टाकलं की नियम संपला.

लिंग डोळ्यांना दिसत नाही, हे आजच कुणाला सुचलंय असंही नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पतंजलीने महाभाष्यात याच प्रश्नाचा कीस पाडला आहे. खाटेवर किंवा झाडावर बाईपणाची वा पुरुषपणाची कुठलीही खूण दिसत नाही, तरी संस्कृतात ‘खट्वा’ स्त्रीलिंगी आणि ‘वृक्ष’ पुल्लिंगी. शेवटी लिंग लोकांच्या वापरावरून ठरतं, असा त्याचा निर्वाळा आहे. त्याच संस्कृतात बायकोसाठी तीन शब्द आहेत : ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘दार’ पुल्लिंगी, ‘कलत्र’ नपुंसकलिंगी. बाई एकच, लिंगं तीन.

व्याकरणातलं लिंग म्हणजे भाषेने केलेले नामांचे गट. एखादं नाम कुठल्या गटातलं, हे त्याच्या सोबतचे शब्द सांगतात. पांढरा कापूस आला, पिवळी हळद आली, हिरवं पान आलं. इथे विशेषण आणि क्रियापद दोन्ही बदलली. या जुळणीलाच लिंग म्हणायचं. गट किती आणि कुणाला कुठे बसवायचं, हे प्रत्येक भाषा आपापलं ठरवते.

आता पहिल्या वाक्याकडे येतो, कारण त्याचा मार लेकरांना बसतो. किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. इथे मराठीसोबत तेलुगू, गोंडी, कोलामी, बंजारा बोली पिढ्यान्‌पिढ्या नांदतात. यांतल्या तेलुगूत लिंग नाही? धाकटा भाऊ आला तर तेलुगूत ‘तम्मुडु वच्चाडु’. धाकटी बहीण आली तर ‘चेल्लेलु वच्चिंदि’. आणि बस आली तरी ‘बस्सु वच्चिंदि’. म्हणजे एकवचनात पुरुष एका गटात. बाई, जनावर आणि वस्तू दुसऱ्या. अनेकवचनात वाटणी बदलते : बहिणी आल्या तर ‘वच्चारु’, भाऊ आले तरी ‘वच्चारु’, बसगाड्या आल्या तर मात्र ‘वच्चायि’. एकवचनात वस्तूंसोबत असलेली बहीण अनेकवचनात माणसांत येऊन बसते. गोंडी आणि कोलामीत ही अदलाबदल होत नाही. तिथे अनेकवचनातही पुरुष एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे. शंका असेल त्यांनी भद्रिराजू कृष्णमूर्तींचा द्राविडी भाषांवरचा 2003चा ग्रंथ उघडावा, किंवा एमेनोचं कोलामीवरचं 1955चं पुस्तक. लिंगच नसलेल्या भाषेचं वर्णन असं नसतं.

अशा घरातलं लेकरू पहिलीच्या वर्गात ‘बस आलं, बहीण आलं’ म्हणालं, तर त्याने बहीण आणि बस एका गटात घातल्या. त्याच्या आईच्या भाषेत त्या एकाच गटात आहेत. हा ठोकताळा नाही, शिस्त आहे. फक्त ती मराठीची शिस्त नाही. शिवाय तेलुगूत विशेषण बदलत नाही : ‘मंचि अब्बायि’ म्हणजे चांगला मुलगा, ‘मंचि अम्मायि’ म्हणजे चांगली मुलगी. त्यामुळे ‘चांगला-चांगली-चांगलं’ ही कसरत त्या लेकराला अगदी नवी असते. त्याला ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवणं हा सरळ अन्याय आहे. त्याला नुसतं ‘भिंत’ शिकवू नका, ‘ती भिंत’ शिकवा. नुसतं ‘पान’ नको, ‘हिरवं पान’ सांगा. स्पॅनिश शिकवतानाही असंच करतात, कारण तिथे ‘मानो’ म्हणजे हात हा शब्द शेवटी ‘ओ’ असूनही स्त्रीलिंगी निघतो, आणि शब्दासोबत त्याचं लिंग पाठ करण्यावाचून गत्यंतर नसतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

“नपुंसकलिंग म्हणजे निर्जीव.” मग मूल, लेकरू, वासरू, पाखरू ही काय आहेत? आणि दगड पुल्लिंगी कसा? जर्मनमध्येही ‘मेडशेन’ म्हणजे मुलगी नपुंसकलिंगीच आहे.

“शेवटच्या अक्षरावरून लिंग कळतं.” घोडा-घोडी पुरतं ठीक, पण शाळा, भाषा आकारान्त असून स्त्रीलिंगी, हत्ती ईकारान्त असून पुल्लिंगी, आणि पाणी, लोणी नपुंसकलिंगी.

“हिंदीत जे लिंग तेच मराठीत.” हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, मजा आणि व्यक्ती पुल्लिंगी. मराठीत पुस्तक ते, मजा येते तेव्हा ‘आली’, आणि पुरुषाबद्दल बोलतानाही व्यक्ती ‘ती’च.

“एका शब्दाला एकच लिंग.” वेळ गेला आणि वेळ झाली, दोन्ही शुद्ध मराठी, फक्त अर्थ वेगळा. वारकऱ्यांचा वीणा ‘तो’, इतरांची ‘ती’.

“जगातल्या सगळ्या भाषांत लिंग असतं.” कॉर्बेट या भाषाशास्त्रज्ञाने तपासलेल्या 257 भाषांपैकी 145 भाषांत ते नाहीच. आपल्याकडे बंगालीने ते टाकून दिलं, तरी बंगालीचं काही अडलेलं नाही.

“लिंगामुळे माणसाची विचार करण्याची पद्धत बदलते.” पूल स्त्रीलिंगी म्हणून जर्मनांना तो नाजूक वाटतो, या गाजलेल्या दाव्यामागचा प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तो निकाल मिळाला नाही, 2014 साली तसं छापूनही आलं.

“परक्या शब्दांना लिंग नसतं.” मुदखेड-आदिलाबाद मार्गावरच्या कुठल्याही प्रवाशाचं बोलणं ऐका : रेल्वे आली, तिकीट काढलं, मोबाईल वाजला, स्टेशन आलं.