मेंढीलाच एवढा घातक का? ‘नीलजिव्हा’ रोगाचा शोध

ऑगस्ट २००६ मध्ये नेदरलँड्सच्या दक्षिण भागातील मेंढपाळांना आपल्या कळपांत एक अपरिचित आजार दिसू लागला. मेंढ्यांना ताप येत होता, तोंडे सुजत होती, लाळ गळत होती आणि चालताना त्या लंगडत होत्या. दक्षिण आफ्रिकेत शतकाहून अधिक काळ ज्ञात असलेला ‘नीलजिव्हा’ अर्थात ब्लूटंग रोग उत्तर युरोपात प्रथमच अवतरला होता. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडमधील सफोक परगण्यात पोहोचला. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच विषाणूचा ‘बीटीव्ही-३’ हा निराळा प्रकार केंटमध्ये आढळला.

माणसाला हा रोग होत नाही. जनावरांमध्ये त्याचा प्रसार प्रामुख्याने क्युलिकॉइडिस नावाची, एक ते तीन मिलिमीटर लांबीची चिलटे करतात. चिलटाच्या शरीरात विषाणू वाढण्यास ऊब लागते. तापमान साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ही वाढ थांबते.

चिलट चावल्यानंतर विषाणू त्वचेतील डेंड्रायटिक पेशींत शिरतो. आक्रमणाची वर्दी देण्यासाठी या पेशी जवळच्या लसिकाग्रंथीकडे जातात आणि विषाणूलाही सोबत नेतात. तेथे वाढून तो रक्तात उतरतो व सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. बाधित पेशींनी सोडलेली दाहकारक रसायने या हानीत भर घालतात. परिणामी रक्तातील द्रव बाहेर झिरपतो, चेहरा सुजतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. जीभ निळी पडणे हे रोगाला नाव देणारे लक्षण मात्र प्रत्येक मेंढीत दिसत नाही.

ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये आणखी एक दुवा उलगडला. उत्तम प्रतिपिंडे घडविण्यास साहाय्य करणाऱ्या लसिकाग्रंथींतील पेशींनाच हा विषाणू बाधित करतो, त्यामुळे प्रभावी प्रतिकार उभा राहण्यास विलंब लागतो.

गाईच्या शरीरात तोच विषाणू तांबड्या रक्तपेशींना चिकटून कित्येक आठवडे टिकतो, तरीही गाय बहुधा निरोगी दिसते. मेंढीच्या व गाईच्या रक्तवाहिन्यांतील पेशी या विषाणूला वेगवेगळा प्रतिसाद देतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच केवळ आजारी मेंढ्या वेगळ्या काढून साथ आटोक्यात येत नाही. शेजारच्या गोठ्यातील धडधाकट गाईमुळेही चिलटांना विषाणू मिळत राहतो.

लसीकरण हा मुख्य उपाय असला, तरी एका प्रकाराविरुद्धची लस दुसऱ्या प्रकारापासून पुरेसे संरक्षण देत नाही. ‘बीटीव्ही-८’साठी २००८ मध्ये आलेली लस ‘बीटीव्ही-३’विरुद्ध उपयोगी नव्हती. भारतात वापरली जाणारी लस पाच प्रकारांची असण्याचे कारणही हेच.

भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ मध्ये झाली, तीही महाराष्ट्रातील शेळ्या-मेंढ्यांत. दख्खनच्या पठारावर पावसाळ्यात चिलटे माजतात. ज्या धनगर कुटुंबाची सारी पुंजी कळपातच असते, त्याच्यासाठी योग्य प्रकारची लस चिलटांच्या हंगामापूर्वी मिळणे हाच या संशोधनाचा खरा उपयोग आहे.